खाली सही साहेबांची

संपादकांचा फोन आला, "तुमच्या लेखनप्रवासाबद्दल लिहा." मी लगेच हो म्हणालो आणि स्वयंपाकघरात जाऊन सुनंदाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, मोठ्या थाटात सांगितलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "कुठला प्रवास? तळवडे ते चाकण?"

तिचं चुकलेलं नव्हतं. माझा एक कथासंग्रह प्रसिद्ध आहे, म्हणजे छापलेला आहे. त्याच्या बऱ्याचशा प्रती आमच्या सांगवीच्या घरात दिवाणाखाली आहेत. पाहुणे मुक्कामाला आले आणि गाद्या काढायची वेळ आली की त्या बाहेर येतात, आणि पाहुण्यांना एकेक देऊन आम्ही जागा करतो. पण त्याशिवाय मी पुष्कळ लिहिलंय. ते भिंतींवर टांगलेलं आहे, चौकात लागून उतरलेलं आहे, कॅन्टीनमध्ये माइकवरून वाचलेलं आहे. त्यावर माझं नाव नाही. कुणी विचारलंच तर मी आजवर "जाहिरात क्षेत्रात आहे" असं सांगत आलो. वाचनालयातल्या साहित्यिक मंडळींना हेच सांगितलं, नातेवाइकांना हेच सांगितलं आणि मुलीलाही शाळेत हेच सांगायला शिकवलं.

मराठीत एम.ए. करून मी नगरकडून इकडे आलो तेव्हा मामा पिंपरीत फिटर होता. त्यानं ओळखीनं तळवड्याच्या एका छोट्या कारखान्यात चिकटवून दिलं. तिथं बोल्ट व्हायचे आणि मी ते तपासायचे. तपासायचं म्हणजे हातात गेज घ्यायचा. त्याची एक बाजू बोल्टवर बसली पाहिजे आणि दुसरी बसता कामा नये. शाळेतलं पोर करील असं काम. पण मला त्या दिवसांत कथा सुचत होत्या. एकदा एका कथेचा शेवट सापडेना, त्या नादात मी समोर येईल तो बोल्ट पास करत गेलो. मोठ्या कंपनीनं अख्खा टेम्पो परत पाठवला. मालक सभ्य माणूस, एम.ए. म्हणून मला 'सर' म्हणायचा. त्यानं चहा मागवला आणि म्हणाला, "सर, तुम्ही लिहा. बोल्टच्या नादाला लागू नका." तुम्ही लिहा, असं मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी म्हटलं ते नोकरीवरून काढताना.

मग क्लासमध्ये शिकवलं, भोसरीत कुरिअरच्या ऑफिसात बसलो, महाळुंग्याच्या एका कंपनीचं घरचं मासिक काढलं. त्या मासिकात मोठ्या साहेबांचा नववर्षाचा संदेश असे. तो मी लिहायचो आणि साहेब तो छापून आल्यावर वाचायचे. एकदा त्यांनी मला बोलावून सांगितलं, "या वेळी माझे विचार चांगले मांडलेत मी." मी म्हटलं, "हो सर." मासिक बंद पडलं तेव्हा हारूनभाईंकडे आलो.

हारूनभाईंचं दुकान चिंचवडला, फ्लेक्स आणि फ्रेमचं. त्यांच्या वडिलांचं त्याच जागी रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणजे माणूस माझ्यापेक्षा इथला जुना. भाऊ, दादा, आप्पा अशा मंडळींच्या वाढदिवसाचे फ्लेक्स आमच्याकडे व्हायचे. या धंद्यात फोटो गिऱ्हाईक आणतं आणि विशेषणं आपण पुरवायची. कार्यसम्राट, युवकांचे हृदयसम्राट, विकासपुरुष. सम्राट फार झाले की हारूनभाई म्हणायचे, "सर, एका चौकात दोन सम्राट झाले. मारामारी होईल. एकाला आधारस्तंभ करा." मी आधारस्तंभ करायचो. संध्याकाळी वाचनालयात जाऊन मराठी भाषेच्या ऱ्हासावर बोलायचो. त्या चौकातून घरी जाताना मी मान खाली घालून स्कूटर चालवायचो, कारण ऱ्हास वर टांगलेला असायचा.

एक दिवस पिंपरीतल्या एका मोठ्या कंपनीचा माणूस दुकानात आला आणि माझ्या आयुष्यात मानपत्रं आली.

बाहेरच्यांना ही पद्धत ठाऊक नसेल म्हणून सांगतो. आमच्याकडे कामगार निवृत्त होतो त्या दिवशी त्याचा थाट नवरदेवाचा असतो. सकाळी खात्यात हार, दुपारी कॅन्टीनमध्ये शाल, श्रीफळ आणि मानपत्राचं वाचन, आणि सुट्टी झाली की सजवलेल्या जीपमधून, पुढे ढोल लावून, खात्यातली माणसं त्याला घरी पोचवतात. दारात बायको ओवाळते. आयुष्यभर ज्यानं सायकलवरून पहिली शिफ्ट गाठली तो माणूस त्या दिवशी जीपमध्ये उभा राहतो आणि हात कुठं ठेवावेत हे त्याला कळत नाही. मानपत्र साहेब वाचतात आणि खाली सही साहेबांची असते. सगळ्यांना वाटतं लिहिलंयही साहेबांनी. ते लिहायचो मी.

सुरुवातीला मी जीव ओतून लिहायचो. कॅन्टीनमध्ये जाऊन त्या माणसाच्या सोबत्यांशी गप्पा मारायचो. एकाने खात्यातल्या मांजरीची बाळंतपणं केली होती, ते मी मानपत्रात घातलं, तर सगळं कॅन्टीन हसलं आणि तो माणूस डोळे पुसत हसला. पण माझ्या हातून घोटाळेही झाले. एका वॉचमनच्या मानपत्रात मी ओघात लिहून गेलो, 'आपण कंपनीचे द्वार सर्वांसाठी सदैव खुले ठेवलेत.' दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला, गणवेश नव्हता तरी ताठ उभा राहिला. "साहेब, जन्मभर दार बंद ठेवलं म्हणून मला ठेवला होता. आता माझ्याच घरात लोक विचारतात, चोऱ्या तुमच्यामुळंच झाल्या का." दुसऱ्या एका मानपत्रात मी साहेबांच्या सोयीसाठी कंसात लिहिलं होतं, 'क्षणभर थांबावे'. साहेबांनी तेही खणखणीत आवाजात वाचलं. आणि 'पत्नीला कधीही उलट शब्द न बोलणारे' हे वाचल्यावर एक बाई पहिल्या रांगेत उठून उभी राहिली होती आणि तिने विचारलं होतं, "हे कुणाचं चाललंय?"

पुढे स्वेच्छानिवृत्तीची लाट आली. जुनी माणसं कंपनीला जड झाली होती. रोज खात्याखात्यातून माणसं निघायची आणि कंपनीतून निरोप यायचा, मानपत्रं परवा पाहिजेत. कुणाकुणाशी गप्पा मारणार? मी एक साचा केला. 'आपल्या हसतमुख चेहऱ्यापुढे भट्टीची धगही आम्हांस कधी जाणवली नाही. आपण दिलेल्या शब्दाला जागलात. आपली जागा भरली जाईल, आपली उणीव भरून निघणार नाही.' रंगखात्यातला माणूस असला की भट्टीची धग काढून रंगाचा उग्र दर्प घालायचा. मशीन शॉपचा असला की यंत्रांची घरघर. बाकी नाव बदललं की झालं.

मुक्ता, आमची मुलगी, तेव्हा शाळेत होती. शाळा सुटली की दुकानात येऊन बसायची आणि मी नावं तपासायला तिच्याकडून मानपत्रं वाचून घ्यायचो. 'हसतमुख' आलं की ती जांभई द्यायची. तिला सगळं पाठ झालं होतं.

हारूनभाई फ्रेम ठोकता ठोकता म्हणाले, "सर, सगळ्यांना एकाच मापाचा शर्ट शिवताय."

"माप एकच आहे, हारूनभाई. सगळे घरीच चाललेत."

तेव्हा मला हे उत्तर फार आवडलं होतं. मी ते पुढे एका कथेतही वापरलं. आज लिहिताना माझेच कान गरम होतात.

आता मुक्ता तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरी करते आणि तिनं स्वतःचं लग्न स्वतः जमवलंय. मुलगा निखिल, महाळुंग्याच्या कंपनीत इंजिनिअर. घर तळवड्याच्या जुन्या गावठाणातलं, वडील पिंपरीच्या कंपनीच्या फाउंड्रीतून, म्हणजे ओतकामाच्या खात्यातून, निवृत्त झालेले. त्यांना मी इथं बबनराव म्हणतो. नाव बदलायला मुक्तानं सांगितलंय, हा लेखही तिनं आधी वाचलाय. पहिल्या भेटीत त्यांनी मुक्ताला विचारलं होतं, वडील काय करतात. ती म्हणाली, लेखक आहेत. हे तिनं मला आम्ही घर बघायला निघालो तेव्हा गाडीत सांगितलं. पोरीनं खरं सांगितलं असतं, चौकातले फ्लेक्स लिहितात, तर मी निदान तयारीत राहिलो असतो. आता लेखकासारखं बसावं लागणार होतं. "आणि बाबा," ती म्हणाली, "तिथं काही दिसलं तरी शांत राहा." मला वाटलं, कुत्रा असेल.

बैठकीत शिरलो. समोरच्या भिंतीवर, देवघराच्या शेजारी, सागाच्या फ्रेममध्ये मानपत्र होतं. त्याच्यावर खास छोटी ट्यूब लावलेली. मला वाचायची गरजच नव्हती. मी मुक्ताकडे पाहिलं, ती पोह्यांच्या बशीत पाहत होती.

बबनराव उंच, काळेसावळे, पांढरी टोपी. बोलणं कमी. शेती किती, खोल्या भाड्यानं दिल्यात त्या किती, असं इकडचं तिकडचं झाल्यावर ते उठले, मानपत्र खिळ्यावरून काढलं, उपरण्यानं काच पुसली आणि माझ्या मांडीवर आणून ठेवलं.

"तुमी लेखक, न्हाई का. मग सांगा, कसं लिवलंय?"

मी वाचल्यासारखं केलं. 'भट्टीची धग' आली. खाली साहेबांची झोकदार सही. त्या क्षणी मी काय बोलावं? काहीही चांगलं बोललो असतो तरी चाललं असतं. पण सुनंदा शेजारी होती, निखिल समोर होता, आणि मला वाटलं, या भिकार मजकुराला मी बरं म्हटलं तर लेखक म्हणून माझी काय किंमत राहील. मी चष्मा काढला आणि म्हणालो, "ठीक आहे. मानपत्रं जरा छापीलच असतात."

सुनंदानं माझ्याकडे असं पाहिलं की ते पाहणं मी अजून विसरलो नाही. बबनरावांनी फ्रेम हळूच माझ्या मांडीवरून उचलली.

त्यांच्या पत्नीला, कमलताईंना, मात्र काही लागलं नव्हतं. त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "छापलंय नंतर. आधी सायबांनी हातानं लिवलं, सोता बसून. वाचताना त्यांचा गळा दाटून आला. मदीच थांबले, बोलताच येईना त्यास्नी."

साच्याच्या वाचायच्या प्रतीतही मी ठेवलेलं कंसातलं 'क्षणभर थांबावे' या साहेबांना बरोबर कळलं होतं.

"सगळ्यांनी बघितलं," बबनराव म्हणाले. "एवढा मोठा सायेब. माझ्यासाठी थांबला."

मग कमलताई हसायला लागल्या. "आन् एक सांगू का. हे आधी कवाच हसायचे न्हाईत. फाउंड्रीत तोंडाला फडकं, घरी आलं की गप. पोरं घाबरायची. हे रिटायर होऊन घरी बसले तवा आमची नात, थोरल्याची, वाचायला शिकली. तिनं मोठ्यानं वाचलं, हसतमुख. मला म्हणाली, आज्जी, आजोबा तर हसत न्हाईत, मग सायबांनी खोटं लिवलं का?"

"मग?" सुनंदानं विचारलं.

"मग काय. हे म्हणाले, सायेब खोटं कशाला लिवतील. आन् तवापासून रोज सकाळी नातीसंगं आरशापुढं उभं राहायचे. मी म्हणायची, दात कशाला दाखवता, नुसतं हसा."

बबनराव फ्रेम खिळ्याला लावत होते. पाठमोरेच म्हणाले, "शब्दाला जागणारे असंबी लिवलंय त्यात. मग जागाय नको व्हय?" आणि वळून ते हसले. शिकून घेतलेलं हसू होतं, जरा उशिरा यायचं आणि आलं की लवकर जायचं नाही. पण चांगलं होतं. नातीला त्याची भीती वाटत नसणार.

मला तिथून उठून जावंसं वाटलं. मी एका दुपारी चहा पीत, दुसऱ्याच कुणासाठी लिहिलेला शब्द यांच्या नावापुढे तसाच ठेवून दिला होता, आणि हा माणूस म्हातारपणी आरशापुढे उभा राहून तो खरा करत बसला होता. आणि त्यालाच मी आता, त्याच्याच घरात, त्याचे पोहे खात, छापील म्हणालो होतो. इतकी लाज मला कुठल्याच फ्लेक्सनं वाटायला लावली नव्हती.

ती सहन होईना म्हणून मी बोलून गेलो. "बबनराव, चुकलं माझं. हे मानपत्र मीच लिहिलंय."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग कमलताईंकडे बघितलं. मग पुन्हा हसले, या वेळी आतून, खांदे हलवत. "पाव्हनं चेष्टेखोर हायेत," ते म्हणाले. निखिलही हसला. मी "नाही हो, खरंच" म्हणालो, तसे ते आणखी हसले. मला सिद्ध करता आलं असतं. न पाहता शेवटपर्यंत म्हणून दाखवलं असतं. यांच्याच आळीत फाउंड्रीतून सुटलेली आणखी माणसं असणार, त्यांच्या भिंतीवरचं आणून शेजारी ठेवलं असतं. पण मग तो गळा दाटून थांबलेला साहेब कुठं गेला असता? मी पोहे खाल्ले.

निघताना बबनरावांनी माझा हात हातात घेतला. स्थळ दोन्हीकडून पसंत होतं. माझी समजूत काढावी तसं ते म्हणाले, "तुमीबी लिवा असं कायतरी. जमंल हळूहळू."

गाडीत मी मुक्ताला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी. शिरल्या शिरल्या ओळखलं."

"मग त्यांना सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? की हे सगळ्यांना एकच असायचं?" ती समोर बघून गाडी चालवत होती. "बाबा, मी त्या दिवशी 'जाहिरातीत आहेत' असंच सांगणार होते, तुम्ही शिकवलेलं. पण त्यांनी मला ते दाखवलं, हसायची गोष्ट सांगितली, आणि मग विचारलं वडील काय करतात. तेव्हा मी लेखक म्हणाले."

माझ्या कथासंग्रहाबद्दल तिनं असं कधी कुठं सांगितल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी चिंचवडला जाऊन हारूनभाईंना सगळं सांगितलं. ते आता गल्ल्यावर बसून राहतात, फ्रेमा त्यांचा पुतण्या करतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "फ्रेम सागाची होती? काच पिवळी पडली नाही ना?" मी म्हटलं, नाही. "मग आपला माल चांगला होता, सर," ते म्हणाले आणि चहा मागवला. माझ्यासारखी त्यांची झोप काही उडालेली नव्हती. अर्थात फ्रेम त्यांनी प्रत्येकाची वेगळी मापून केली होती.

मागच्या महिन्यात साखरपुडा झाला. मी ठरवलं होतं, बबनरावांसाठी खरंखुरं, त्यांचं एकट्याचं काहीतरी लिहायचं आणि हॉलमध्ये वाचायचं. बसलो लिहायला. फाउंड्रीत ते नक्की काय करायचे, ते मला माहीत नव्हतं. बोलायला काय आवडतं, कशाला घाबरतात, काही ठाऊक नव्हतं. हातातून पुन्हा तेच शब्द यायला लागले, मनमिळाऊ, कष्टाळू. कागद बाजूला ठेवला. लग्न झाल्यावर त्यांच्याकडे जाऊन बसणार आहे आणि विचारणार आहे, पूर्वी कॅन्टीनमध्ये विचारायचो तसं. त्यांना सांगणार नाही कशासाठी.

साखरपुड्याला फोटोग्राफरनं दोन्हीकडच्या वडिलांना शेजारी उभं केलं. कॅमेऱ्यामागून तो म्हणाला, "काका, हसा." बबनरावांचं हसू जरा उशिरा आलं आणि ठरलेल्या जागी बसलं. माझं येईना. मी ओठ ताणले, फोटोग्राफरनं मान हलवली. "मुलीचे वडील, हसा ना जरा." पुन्हा ताणले. मागून सुनंदा काहीतरी पुटपुटली. शेवटी बबनराव माझ्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "व्याही, घाबरू नगा. सवयीनं येतं."